सव्वा मिलिमीटरचा फरक

शैलजाताई, तुम्ही विचारलेत तेव्हा मी खोटे बोललो. तुमचा मजकूर तयार होता.

वर्तमानपत्राच्या कचेरीत हा रिवाज आहे आणि तो तुम्हाला मीच सांगितला होता. मोठ्या माणसाचे वय झाले किंवा तो अंथरुणाला खिळला, की त्याचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात, कारण ऐनवेळी तारखा तपासायला सवड नसते. दोनच जागा मोकळ्या सोडायच्या, दिवस आणि वय. मुंबईत उपसंपादक होतो तेव्हा मी असे कितीतरी मजकूर लिहिले. तुम्ही ते ऐकून हसलात. म्हणालात की शिंपी बरा, तो निदान माणसाला सांगून माप घेतो.

फेब्रुवारीत जपानमध्ये, त्सुकुबाच्या रुग्णालयात तुम्ही उशीला टेकून बसला होतात. डॉक्टर येऊन गेले होते. तुम्ही चष्मा पुसलात आणि विचारलेत, "काय रे बातमीदार, माझा मजकूर तयार ठेवलास का?"

"छे. काहीतरीच काय, ताई."

"ठेवला असशील तर दे वाचायला. तुझ्या तारखा चुकतात."

"नाही ठेवला."

तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलेत आणि "बरं" म्हणालात. मग प्लास्टिकचा कचरा बुधवारी जातो की गुरुवारी हे केनजी-सानना पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही पाठ नाही, यावर बोललात. मजकूर त्या वेळी माझ्या पिशवीत, लॅपटॉपमध्ये होता. पिशवी तुमच्या पलंगाच्या पायाशी होती. आठशे शब्द, दोन जागा मोकळ्या.

माहीत असलेले न सांगणे म्हणजे खोटेच बोलणे, असे म्हणत मी तुमच्याशी आठ वर्षे भांडलो. तुम्ही फक्त न सांगण्यावर थांबला होतात. मी सरळ खोटे बोललो. म्हणून हे सर्वांत आधी नोंदवून ठेवतो.

तुमचा खरा पेशा इंजिनांच्या पात्यांचा. कोणता मिश्रधातू किती तापला की कुठे फुटतो, यावर संस्थेत तुमचा शब्द शेवटचा असे. फ्रान्सचे जुने मंत्री हा शनिवारचा छंद. पीएचडीनंतर पॅरिसला काढलेल्या दोन वर्षांत हा नाद तुम्हाला लागला आणि तो तुम्ही जपानला सोबत आणलात. मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो तेव्हा हारुका पाच वर्षांची होती आणि जेवणाच्या टेबलावर पोह्यांच्या बश्यांशेजारी एका कार्डिनलच्या, म्हणजे बड्या कॅथलिक धर्मगुरूच्या, पदकाचे मोठे छायाचित्र पसरलेले होते. मी विचारले, हे कोण. हारुकाने जपानीत उत्तर दिले, "आईचा मंत्री."

नंतर तुम्ही समजावून सांगितलेत. चारशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये नाण्यावर चेहरा राजाचा. राज्य प्रत्यक्षात मंत्री चालवत असला तरी नाणे त्याचे नव्हे. मग मंत्र्यांची पदके निघत. तळहातात मावतील एवढी, काशाची, एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला पराक्रम. ती मित्रांना, राजदूतांना, परक्या दरबारांना भेट जात. तुमच्या कार्डिनलचा चेहरा अरुंद, दाढी टोकदार. पदकाच्या मागच्या बाजूला रथ होता. रथात फ्रान्स देश बाईच्या रूपात बसलेला आणि रथाला साखळीने बांधलेली नशिबाची देवी. "याने नशिबाला साखळी घातली," तुम्ही म्हणालात, "निदान कारागिराला तसं दाखवायला लागलं." आणि मग माझ्याकडे वळून, "हे तुझ्या मृत्युलेखांचंच भावंड बरं का. माणूस जिवंत असताना ओतून ठेवलेलं, आणि सगळं चांगलंच."

पदकांच्या प्रती कशा निघत, हेही तेव्हाच कळले. मूळ पदक मातीत दाबायचे, ठसा उमटला की त्यात पुन्हा कासे ओतायचे. धातू निवताना आकसतो. त्यामुळे प्रत मुळापेक्षा नेहमी लहान भरते आणि प्रतीची प्रत आणखी लहान. यावर मी पुण्याच्या एका मासिकात लेख लिहिला आणि त्यात "प्रत थोडी लहान असते" असे वाक्य टाकले. अंक तुमच्या हाती पडला त्या दिवशी फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "थोडी लहान म्हणजे किती?"

हा प्रश्न तुम्ही मला पुढे कित्येकदा विचारलात. घर स्टेशनपासून जवळ म्हणजे किती. गर्दी प्रचंड म्हणजे किती. एकदा मी म्हणालो की अमुक माणूस फार दुःखी आहे, आणि तुम्ही तोंड उघडलेत, पण नाही विचारलेत. ते एकदाच.

अकरा मार्चला, तो मोठा भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा, तुम्ही प्रयोगशाळेत होतात, मी टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात. त्या आठवड्यांबद्दल मी तेव्हाच पुष्कळ लिहिले आहे. गाड्या पुन्हा सुरू झाल्यावर तुम्ही फोन केलात की ये, एक छोटी बातमी आहे. ती बातमी मी कधीच दिली नाही.

तुमचे शेजारी ओनो-सान. चाळीस वर्षे शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले. भाषा मुलांना शिकवली, पण स्वतः फ्रान्सला कधी जाणे झाले नाही. त्यांच्या पत्नी एकदा मैत्रिणींबरोबर गेल्या आणि येताना नवऱ्यासाठी कार्डिनलचे पदक घेऊन आल्या. ते त्यांच्या घरात काचेच्या कपाटात असे. भूकंपात कपाट आडवे झाले. पत्नी त्या दिवशी समुद्रकाठच्या गावी बहिणीकडे गेल्या होत्या. बहीण चौथ्या दिवशी सापडली. त्या सापडल्या नाहीत.

ओनो-सान पदक हातरुमालात गुंडाळून तुमच्या स्वयंपाकघरात आले. पडल्यावर त्याचा आवाज विचित्र आला होता, असे ते म्हणाले. त्यांचा प्रश्न एकच होता. भेग पडली आहे का?

तुम्ही पदक दोऱ्याने टांगलेत आणि पेन्सिलीने टिचकी मारलीत. आवाज स्वच्छ आला. एवढ्यावर काम संपले होते. पण तुम्ही सवयीने कॅलिपर काढलात आणि वही माझ्याकडे सरकवलीत. तुमची पद्धत ठरलेली होती. व्यास तीन ठिकाणी मोजायचा. एकाने मोजून आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा आणि लिहिलेले वाचून दाखवायचे. एकट्याने घेतलेले माप तुम्ही माप मानतच नव्हतात. दुसऱ्या मापाच्या वेळी जमीन हलली. भांडी वाजली. ओनो-साननी टेबलाची कड धरली. तुम्ही कॅलिपर तसाच धरून थांबलात, हलणे संपल्यावर माप सोडून दिलेत आणि पुन्हा घेतलेत.

पहिले दोन आकडे तुम्ही जपानीत सांगितलेत. तिसरा मराठीत. मी मराठीत वाचून दाखवला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

पॅरिसच्या संग्रहातले मूळ पदक तुम्ही हातात घेतलेले होते आणि त्याचा व्यास तुम्हाला पाठ होता. हे सव्वा मिलिमीटरने कमी भरले. मग तुम्ही भिंग घेतलेत. कार्डिनलच्या दाढीवरून एक ओरखडा जात होता आणि त्याच्या कडा बोथट होत्या. म्हणजे तो या पदकावर पडलेला नव्हता. ज्या पदकावरून हे ओतले त्यावर तो होता आणि साच्यातून इकडे उतरला. पॅरिसच्या पदकावर असा ओरखडा नाही, हेही तुम्हाला आठवत होते. हे सगळे तुम्ही मला नंतर सांगितलेत. ओनो-सानना तुम्ही एवढेच सांगितलेत, "भेग नाही. अगदी नीट आहे."

ओनो-सान कमरेत वाकले. तुम्हीही वाकलात. त्यांनी पदक रुमालात बांधले आणि ते गेले.

दार लागल्यावर मी म्हणालो, "तुम्ही त्यांना फसवलंत."

"एक शब्द खोटा दाखव."

"जो बोलला नाहीत तो."

"मग तुमचा पेपर रोज सोळा पानं खोटं बोलतो." तुम्ही कॅलिपर पुसून डबीत ठेवलात. "त्यांनी भेगेचं विचारलं, भेगेचं सांगितलं. विचारतील तेव्हा बाकीचं सांगेन."

"विचारणार कसे? त्यांना शंकाच नाही."

"मग घाई काय आहे?"

इथून तो वाद सुरू झाला. गणपतीच्या दिवशी सभागृहात खुर्च्या लावताना, कावासाकीला मित्राकडे जाताना गाडीत कुजबुजत, फोनवर, कन्बिनीच्या, त्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, बाहेर कॉफीचे कागदी पेले हातात धरून. मी म्हणायचो की ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे त्याच्यावर ती सांगण्याचे ओझे असते. तुम्ही म्हणायच्या की ओझे तुझे आहे, ते उतरवायला तू त्यांचे घर का शोधतोस. मी म्हणायचो, ते पदक नकली आहे. यावर मात्र तुम्ही चिडायच्या. एकदा रस्त्यात थांबून म्हणालात, "नकली नाही, प्रत. ज्याला मूळ ठेवून घेता येत नाही तो प्रत ओततो. यात लबाडी कुठे आली?" मी विषय बदलला. हेही नोंदवतो.

मधल्या काळात तुम्ही माझ्यासाठी काय काय केलेत ते आठशे शब्दांच्या मजकुरात नव्हते. माझ्या मुलाला शाळेत गणिताची भीती बसली तेव्हा दर रविवारी तासभर तुम्ही त्याला व्हिडिओवर घेऊन बसलात. आईच्या शेवटच्या आजारात मला दोन दिवसांत पुण्याला जायचे होते, तर तुम्ही कोतोला येऊन माझ्या रेफ्रिजरेटरमधले नासण्याजोगे सगळे काढलेत, वेगवेगळ्या पिशव्यांत बांधलेत आणि दारावर शेजाऱ्यांसाठी चिठ्ठी लावलीत : कोणती पिशवी कोणत्या वारी. परत आलो तेव्हा घराला वास नव्हता. मी तुमचे आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात की आभार म्हणजे किती.

तुमच्या अंत्यविधीनंतर दाहगृहात आम्ही फार थोडे होतो. इथे अस्थी उचलण्याची रीत तुम्हाला माहीत होती, मला ऐकून. लांब काड्या असतात आणि एक अस्थी दोघांनी मिळून उचलायची असते, दोन्ही बाजूंनी धरून, एकाच वेळी, कलशापर्यंत. एकट्याने उचलत नाहीत. केनजी-सान आणि हारुकाने आधी उचलली. मग हारुका माझ्याकडे पाहून समोर उभे राहा अशी खूण करत म्हणाली, "विनयकाका, या." ती माझ्याशी एरवी जपानीतच बोलते. मी समोर उभा राहिलो. तुम्ही एकट्याने घेतलेले माप का मानत नव्हतात, हे तेव्हा मला हातांनी कळले. समोरच्याचा हात थरथरला की आपला स्थिर ठेवावा लागतो. तिचा थरथरला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ओनो-सानचा फोन आला. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. घर रिकामे करून वृद्धाश्रमात जायचे ठरले आहे. जवळच्या वाचनालयाने त्यांच्या पदकाला मागेच एक काचेची पेटी देऊ केली आहे आणि पेटीत माहितीचे कार्ड हवे आहे. ते कार्ड लिहून देण्याचे शैलजा-सेन्सेईंनी, म्हणजे शैलजाबाईंनी, तीन वर्षांपूर्वी कबूल केले होते. दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणत. आता सेन्सेईंची टिपणे कुणाकडे आहेत?

तुम्ही कुठलेही काम तीन वर्षे पुढे ढकलल्याचे मला दुसरे उदाहरण माहीत नाही. कार्डावर मूळ लिहिले तर तुमच्या हातून खोटे जात होते. प्रत लिहिले तर त्या म्हाताऱ्याला ते वाचनालयाच्या काचेवर वाचावे लागले असते. घाई काय आहे, असे तुम्ही मला म्हणाला होतात. घाई झाली होती आणि तुम्ही मला ते सांगितले नाहीत.

वही हारुकाने दिली. ते पान उघडले तर अक्षर माझेच होते. तीन आकडे, खाली तारीख, त्याखाली तुमच्या अक्षरात पॅरिसचा आकडा आणि ओरखड्याबद्दल एक ओळ. कुठेही शेरा नाही.

रात्रभर विचार केला असे लिहिणे चूक ठरेल. मी कार्ड अर्ध्या तासात लिहिले. जपानीत, माझ्या साध्या जपानीत. वर मंत्र्याचे पद, देश, धातू. मग या पदकाचा व्यास. त्याखाली पॅरिसच्या पदकाचा व्यास. मोजमाप करणाऱ्याचे नाव, तुमचे. मूळ हा शब्द लिहिला नाही, प्रत हाही नाही. आठ वर्षे तुम्हाला दूषण देऊन शेवटी मी तेच केले जे तुम्ही केले असते, हे मला त्सुकुबाच्या गाडीत बसल्यावर जाणवले.

ओनो-सानच्या घरात खोकी बांधलेली होती. एक टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. पदक टेबलावर त्याच रुमालावर होते. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचले, मग पुन्हा वाचले. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेला माणूस. त्यांचे बोट दुसऱ्या आकड्यावर थांबले.

"हा आकडा कशाचा?"

त्यांनी विचारले, ताई. विचारतील तेव्हा सांगेन, असे तुम्ही म्हणाला होतात. माहीत असेल ते सांगावे, असे मी म्हणत होतो. दोघांचे म्हणणे त्या टेबलावर एकाच ठिकाणी आले आणि तिथे तुम्ही नव्हतात. मी सांगितले. माती, ठसा, निवताना आकसणारा धातू, सव्वा मिलिमीटर. सावकाश सांगितले, कारण माझी जपानी अशा गोष्टींना पुरत नाही. शेवटी ओरखडा दाखवला आणि त्याच्या बोथट कडा.

त्यांनी कार्डावरचे दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग त्यांनी विचारले, "सेन्सेईंना हे माहीत होतं?"

"हो. त्याच दिवशी."

त्यांनी मान हलवली. पदक उचलून दाढीवरच्या ओरखड्यावर अंगठा फिरवला, रथावर फिरवला, साखळीवर फिरवला. मला वाटले आता ते पत्नीबद्दल काही बोलतील. त्यांनी वेगळेच विचारले. "म्हणजे ज्याच्यावर हा ओरखडा खरोखर पडला, ते पदक पॅरिसमधलं नव्हे?"

"नव्हे."

"मग ते अजून कुठेतरी आहे."

"असेल," मी म्हणालो. "सापडलेलं नाही."

तोंडातून शब्द गेल्यावर मला कळले की मी काय बोललो आणि कुणासमोर. बातमी देताना वापरतात ते नेमके, कोरडे वाक्य. त्या आठवड्यांत मी ते कित्येकदा लिहिले होते. ओनो-सान पदकाकडेच पाहत होते. माफी मागण्यासाठी मी शब्द जुळवत होतो, तोच त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवले.

"तेही लिहा," ते म्हणाले. "तसंच लिहा."

मी लिहिले. हे पदक ज्या मूळ पदकावरून ओतले ते अद्याप सापडलेले नाही. त्यांनी वाक्य मोठ्याने वाचून दाखवले, एकदा, मी लिहिलेले बरोबर आहे हे पाहण्यासाठी. तुमची ही पद्धत त्यांनी एकदाच, त्या स्वयंपाकघरात, पाहिली होती.

आता पेटी वाचनालयात आहे. दुसऱ्या मजल्यावर, परदेशी भाषांच्या कपाटाशेजारी. मी जाऊन पाहिले. कार्डाखालचे तुमचे नाव बरोबर लिहिले गेले आहे.

आपल्या वादात कोण जिंकले, हे मला ठरवता येत नाही. मी सांगितले म्हणून त्यांना कळले. पण त्याच दिवशी, त्या स्वयंपाकघरात, रुमाल हातात धरून उभे असताना ते कळले असते तर 'तेही लिहा' असे ते म्हणू शकले असते का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. तुम्ही त्यांना आठ वर्षे दिलीत. ती दिली, असे म्हणायचे की लपवली, हा प्रश्न मी आता उघडाच ठेवतो. तुमच्याशी बोलून ठरवला असता.

तुमचा तयार मजकूर मी तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडला. दोनच जागा भरायच्या होत्या. तारखा सगळ्या तपासलेल्या होत्या. एक चुकली होती, तुमच्या पीएचडीचे वर्ष. तुम्ही म्हणाला होतात तशीच. ती चूक तुम्ही एका नजरेत काढली असती आणि मग मला आणखी काही सांगितले असते, कदाचित कार्डाबद्दल. मी नाही म्हणालो आणि ती संधी बंद केली. वर्ष दुरुस्त केले. दोन जागा भरल्या नाहीत. मजकूर कुठेही पाठवला नाही.

त्याऐवजी हे लिहिले. दोनदा वाचले. ज्या बाईने माझे घर पिशव्यांत बांधून ठेवले, जमीन हलत असताना कॅलिपर सोडला नाही, ती यात पुरती उतरलेली नाही. लेख तुमच्यापेक्षा लहान भरला आहे.

लहान म्हणजे किती, हे विचारणारा फोन आलेला नाही.